हत्तीचा चारा कोणाच्या खात्यावर?



सोयाबीनच्या भावाच्या सभेत हत्तीचे काय काम, असे कोणीही विचारील. तोही आपला नव्हे, समुद्रापलीकडच्या सुमात्रा बेटावरचा. पण आपल्या घरात जो तेलाचा डबा येतो, भजी-फरसाणाच्या कढईत जे तेल ओतले जाते, त्यातले बरेचसे तेल त्याच बेटावरून आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून येते. त्या तेलाने आपल्या सोयाबीनचा भाव पाडला आहे, आणि त्याच तेलाने तिथल्या हत्तीचे रान खाल्ले आहे. हिशेब एकच आहे, म्हणून तो एकत्र मांडतो.

सुमात्रा हा इंडोनेशियाचा भाग. बारमाही पावसाचे घनदाट रान. तिथला हत्ती आपल्या हत्तीचाच भाऊबंद, पण वेगळ्या पोटजातीचा. २००७ सालच्या अंदाजाप्रमाणे रानात २,४०० ते २,८०० हत्ती उरले होते. २०११ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. एका पिढीच्या काळात त्याचे दोन तृतीयांशाहून अधिक रान गेले, असे तेव्हाच नोंदले गेले होते. ती जागा कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या झाडांनी आणि ऑइल पामच्या बागांनी घेतली.

रान गेले की हत्ती शेतात येतो. शेतात आला की फासात अडकतो, विषाने मरतो किंवा पकडला जातो. फासात पाय कापला गेलेली पिल्ले, कळपाला मुकलेली पिल्ले माणसांनी आणून जगवलेली आहेत. लाम्पुंग प्रांतात वाय काम्बास येथे हत्तींची मोठी छावणी आहे. तिथे २०१५ साली हत्तींचे रुग्णालयही उघडले. मोठ्या हत्तीला रोज दीड क्विंटलच्या आसपास चारा लागतो. पोरक्या पिल्लाला रात्रंदिवस दूध पाजावे लागते. एवढे करूनही नागीण गटातला एक विषाणू पिल्लाला दोन-चार दिवसांत संपवतो. हत्तीण बावीस महिने गाभण राहते. एक पिल्लू मेले म्हणजे किती वर्षांचे नुकसान झाले, हे गाई-म्हशी पाळणाऱ्याला सांगायला नको. हे काम करणारे माहूत आणि डॉक्टर यांना माझा नमस्कार.

पण छावणी हा आजारावरचा उपचार आहे, आजाराचे कारण मिटवणे नव्हे. ते कारण कसे घडले तेही पाहिले पाहिजे.

जावा बेटावर माणसे फार आणि जमीन थोडी. तिथल्या गरीब, भूमिहीन कुटुंबांना सरकारने सुमात्राच्या रानात आणि दलदलीत नेऊन बसवले. ज्या जागी बसवले ती हत्तीची वाट होती. १९८२ साली दक्षिण सुमात्रातल्या आयर सुगिहान या वसाहतीतून दोनशेहून अधिक हत्ती ढोल-डबे वाजवून, हाकारे घालून हाकलण्यात आले. त्या मोहिमेचे नाव काय होते ठाऊक आहे? 'ऑपरेशन गणेश'! आपण ज्याला वाजतगाजत घरी आणतो, त्याला त्यांनी वाजतगाजत घराबाहेर काढले. पुढे त्याच दशकात थायलंडहून माहूत आणि शिकवलेले हत्ती आणून पकड-छावण्या सुरू झाल्या. शेकडो हत्ती पकडले गेले, त्यांतले पुष्कळ छावणीत मेले. हत्तीचा गुन्हा नव्हता, आणि त्या जावानी शेतकऱ्याचाही नव्हता. नकाशावर रेघ ओढणारा तिसराच होता. तो ना हत्तीच्या पायाखाली आला, ना कर्जाखाली.

मी शेतकी शिकलेला माणूस, म्हणून पिकाचेही सांगतो. ऑइल पामला वाढीचा कोंब एकच. गेंड्या भुंग्याने माडाचा कोंब खाल्ला की माड जातो, हे कोकणातला शेतकरी जाणतो. हत्तीला पामच्या रोपाचा हाच कोवळा गाभा आवडतो. एक कळप एका रात्रीत नवी लागवड आडवी करतो. पहिले घड यायला तीन वर्षे, झाड चालते पंचवीस वर्षे. म्हणजे तीन वर्षांचे कर्ज एका रात्रीत उघडे पडते. अशा शेतकऱ्याला 'वन्यजीवांवर प्रेम करा' असे शहरातून सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगणे. टेसो निलो उद्यानाच्या कडेला २००४ पासून पाळीव हत्तींवरून गस्त घालून रानहत्ती परत रानात वळवण्याचे काम चालू झाले. ही व्यवस्था खरी, कारण तिच्यात हत्तीही वाचतो आणि पीकही.

आता हिशेबाकडे येऊ. उत्पादन खर्च काढताना सरकार आमच्या घरच्यांची मजुरी नीट धरत नाही, जमिनीचा खंड धरत नाही, जोखीम धरत नाही, हे आपण किती वर्षे ओरडून सांगतो आहोत. पामतेलाचा खर्चाचा तक्ता काढा आणि हाच प्रश्न विचारा. त्यात खत आहे, मजुरी आहे, गिरणी आहे, जहाजाचे भाडे आहे. तोडलेले रान कुठे आहे? पाणथळीची माती कोरडी पाडून जाळली, तिचा धूर कुठे आहे? छावणीतल्या हत्तीचा रोजचा दीड क्विंटल चारा कोणाच्या खात्यावर आहे? तो देणगीदाराच्या खात्यावर आहे, सरकारच्या खात्यावर आहे, आणि पीक तुडवले गेलेल्या शेतकऱ्याच्या खात्यावर आहे. तेल विकणाऱ्याच्या खात्यावर मात्र नाही. म्हणून ते तेल स्वस्त आहे. खर्च दडवून काढलेल्या भावाला आम्ही बाजारभाव म्हणत नाही.

पाम हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, आपल्या सोयाबीनचे दोन क्विंटलही भरत नाही. हे मान्य. पीक म्हणून पाम उत्तमच आहे. खुल्या व्यापारालाही माझा विरोध नाही. पण स्पर्धा लावायची तर दोघांचाही पूर्ण खर्च मांडून लावा. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो आणि त्यात पामतेल सर्वांत जास्त. कच्च्या पामतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावर होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के केले आणि मे २०२५ च्या अखेरीस, आपली पेरणी तोंडावर असताना, पुन्हा १० टक्क्यांवर आणले. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजार समितीत चार हजार, सव्वाचार हजारांत माल गेला. पेंडेचे पडलेले भावही त्याला कारण होते, पण तेलाच्या बाजूने आधार मिळाला असता तो शुल्काच्या या धरसोडीने नीट मिळाला नाही.

म्हणून काय सुमात्राच्या शेतकऱ्याला शिव्या द्यायच्या? मुळीच नाही. इंडोनेशियातल्या पामपैकी सुमारे ४० टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांकडे आहे. पामचा घड तोडला की दिवसभरात गिरणीत जावा लागतो, नाहीतर तेल खराब होते. उसासारखेच! गिरणी देईल तो भाव. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या सरकारने शहरातले तेल स्वस्त करण्यासाठी पामतेलाची निर्यातबंदी केली. घडांचे भाव कोसळले आणि शेतकरी राजधानी जकार्तात रस्त्यावर आले. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, तेव्हा आपले जे झाले तेच त्यांचे झाले. भाषा वेगळी, चाबूक एकच.

टेसो निलो उद्यान कागदावर ८० हजार हेक्टरांच्या वर. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच भागावर पाम उभा आहे. तिथले घड दलालांच्या हातून बाहेरच्या गिरण्यांत वर्षानुवर्षे गेले, तेव्हा कोणी विचारले नाही. २०२५ साली सरकारी पथक आले आणि हजारो कुटुंबांना निघा म्हणाले. रान परत मिळालेच पाहिजे, हत्तीला दुसरी जागा नाही. पण निघणाऱ्याला पर्यायी जमीन हवी, आणि घड घेऊन श्रीमंत झालेल्या गिरणीला दंड हवा. नाहीतर तो शेतकरी उद्या दुसऱ्या रानात कुऱ्हाड घेऊन शिरेल. पोट त्याला नेईल.

हे सारे परदेशातले, असे समजून स्वस्थ बसू नका. २००२ पासून कर्नाटकातून आलेले हत्ती सिंधुदुर्गात नारळ, सुपारी, केळीच्या बागा तुडवत आहेत. २०२१ साली केंद्राने ऑइल पामचे ११,०४० कोटींचे अभियान मंजूर केले. साडेसहा लाख हेक्टर वाढीव लागवडीपैकी निम्मी ईशान्य भारतात करायचे ठरले. ईशान्य भारत म्हणजे हत्तीचाच मुलूख. सुमात्राची चूक आपण सरकारी अनुदानाने करायची काय?

जिल्हा बैठकीपुढे मी चार मागण्या ठेवतो. एक, खाद्यतेलाचे आयातशुल्क पेरणीआधी जाहीर करा आणि काढणी होऊन माल विकेपर्यंत त्याला हात लावू नका. दोन, रान तोडून लावलेल्या बागेचे तेल देशात घेऊ नका. माल कुठला याचा पुरावा गिरणी आणि आयातदार यांनी द्यावा, लहान शेतकऱ्याच्या डोक्यावर कागदांचे ओझे नको. तीन, आपल्या देशात पाम लावायचा तर पडीक आणि लागवडीखालच्या जमिनीत लावा, हत्तीच्या वाटेवर नको. चार, हत्तीने केलेल्या नुकसानीची भरपाई त्याच हंगामात, बाजारभावाने, बागेची पुढची वर्षे धरून द्या.

सुमात्राच्या पोरक्या पिल्लाला कोणी दूध पाजत असेल तर त्याला अवश्य मदत करा. पण जोवर रानाच्या कडेचा शेतकरी तोट्यात आहे, तोवर छावणीत नवी पिल्ले येतच राहतील. हत्ती वाचवायचा असेल तर त्याला उत्पादन खर्चात धरा. आमच्या घामालाही आम्ही आजवर हेच मागत आलो आहोत.