माणूस बदलला तर पाटीही बदला

पुण्यात कोणी "पीजे मारू नको" म्हटलं की मला अजूनही आधी रेल्वे आठवते. आमच्या पाचोऱ्यात पीजे म्हणजे फुसका विनोद नाही. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटरची नॅरोगेज. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली आणि त्या अरुंद रुळांवर परत धावलीच नाही. आता तिथे ब्रॉडगेज होणार आहे. नवी गाडी आली की लोक तिलाही पीजेच म्हणतील आणि त्यात काहीच चूक नाही. डबे बदलतील, इंजिन बदलेल, पण गाडी पाचोऱ्याहून निघून जामनेरलाच जाईल. ते नाव गाडीचं नव्हतंच, रस्त्याचं होतं.

काही नावं रस्त्याची असतात, काही माणसांची. हा फरक आपल्या टीव्ही चॅनेलांना कळत नाही, किंवा कळतो पण परवडत नाही. माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

२६ जुलै २०२५, शनिवार. 'चला हवा येऊ द्या' झी मराठीवर परत सुरू झालं त्या रात्री आप्पांचा फोन आला.

"हाऊ कोण शे रे?"

"अभिजीत खांडकेकर, आप्पा. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधला."

"ते माले मालूम शे. पन तो आठे काय करी ऱ्हायना? आपला डाक्टर कोठे गया?"

आपला डॉक्टर म्हणजे डॉ. निलेश साबळे. शिक्षणाने आयुर्वेदाचा डॉक्टर, 'महाराष्ट्राचा सुपरस्टार' जिंकून टीव्हीवर आलेला. ऑगस्ट २०१४ ते मार्च २०२४, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, 'चला हवा येऊ द्या'चं लेखन, दिग्दर्शन आणि सूत्रसंचालन त्याच्याकडे होतं. अमेरिकेत रात्री साडेअकराला टॉक शो लागतात, पाहुणा येतो, सोफ्यावर बसतो, पिक्चरची जाहिरात करून जातो. आपल्याकडे तेच काम सोमवार-मंगळवारी रात्री साडेनऊला थुकरटवाडीत व्हायचं. शाहरुख आला तरी त्याला थुकरटवाडीतच यावं लागायचं. आमच्या घरात साडेनऊ म्हणजे मध्यरात्रच. आप्पा पहाटे उठणारे, पण ते दोन दिवस जागायचे.

आणि ते फक्त हसायला जागायचे असं नाही. सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचा आणि अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायचा. तेव्हा आप्पा चष्मा काढून उगाच पुसत बसायचे आणि आई मुद्दाम त्यांच्याकडे बघायची नाही. मी इंजिनिअरिंगला बाहेर पडल्यावर आमचं फोनवरचं बोलणं तीन विषयांत संपायचं: पाऊस, कापसाचा भाव, घरी कधी येतोस. चौथा विषय या शोने दिला. "परवाचं पत्र ऐकलं का?" एवढ्या एका वाक्यावर बाप-लेक दहा मिनिटं बोलायचो. म्हणून "शोच तर आहे, एवढं काय" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तर शो परत आला. नावापुढे 'कॉमेडीचं गँगवॉर' जोडलेलं. श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे होते. साबळे नव्हते, भाऊ कदम नव्हते. पब्लिक दोन गटांत वाटलं गेलं. एक म्हणे, साबळे नाही तर शो नाही. दुसरं म्हणे, नव्याला संधी द्या, किती दिवस जुनंच उगाळणार. मी पहिल्या गटात होतो. नुसता होतो असं नाही. प्रोमो आला तेव्हा मी खांडकेकरबद्दल दोन-तीन ठिकाणी असं काही लिहून आलो की आज वाचताना लाज वाटते. त्याचा एकही एपिसोड तोवर मी बघितलेला नव्हता.

लाज वाटायचं कारण ऑफिसमध्ये सापडलं. त्याच सुमारास एक अनुभवी सहकारी सोडून गेला आणि त्याचं काम माझ्याकडे आलं. क्लायंट दोन महिने मीटिंगमध्ये मला त्याच्याच नावाने हाक मारत होता. काही बिघडलं की "तो असता तर असं झालं नसतं". काही जमलं की "त्याने पाया चांगला घातला होता". चुका माझ्या, श्रेय त्याचं. क्लायंटचा राग मला आला, पण खरा दोष त्याचाही नव्हता. आमच्याकडून त्याला कोणी सरळ सांगितलंच नव्हतं की माणूस बदललाय, आता कामाची पद्धतही बदलेल. सगळं जसंच्या तसं आहे असं भासवलं होतं. खांडकेकरला नेमकं अशाच खुर्चीत बसवलंय, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून आता मी दोन्ही गटांत नाही. साबळे विरुद्ध खांडकेकर हे भांडणच खोटं आहे. होस्ट बदलायचा चॅनेलला पूर्ण हक्क आहे. शो सोडायचा हक्क होस्टला आहे. पण एका माणसाने दहा वर्षं राबून जे नाव कमावलं, तेच नाव दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून आमच्या आठवणी परत आम्हालाच विकायच्या, हे मला मान्य नाही. माणूस बदलला तर पाटीही बदला.

यावर लगेच कोणी म्हणेल, मग 'करोडपती'चं काय? मराठीत सचिन खेडेकर झाले, स्वप्नील जोशी झाला, नागराज मंजुळे झाले, परत खेडेकर आले. कुणाचं काय बिघडलं? काही नाही, कारण तो रस्ता आहे. प्रश्न, चार पर्याय, लाइफलाइन, चेक. होस्ट कसाही असला तरी गाडी जामनेरलाच जाते. होस्टने चव येते, पण नियम खेळाचे असतात. 'चला हवा येऊ द्या'चे नियम सांगा बरं. पाहुणा येतो आणि काहीतरी होतं. ते 'काहीतरी' म्हणजेच तो माणूस आणि त्याची मंडळी.

'बिग बॉस मराठी'त तर घर, कॅमेरे, नॉमिनेशन असा सगळा सांगाडा तयार असतो. तरीही तिथे हुशारी दिसली. महेश मांजरेकरांनी २०१८, २०१९, २०२१ आणि २०२२ असे चार सीझन केले. पुढे त्यांच्या वीकेंडला 'चावडी' म्हणू लागले. २०२४ मध्ये रितेश देशमुख आला तेव्हा त्याला चावडीवर बसवलं नाही. त्याच्या वीकेंडला 'भाऊचा धक्का' असं नवं नाव दिलं. तुलना तरीही झाली, मांजरेकरांचे चाहते चिडले, पण रितेश दुसऱ्याच्या गादीवर बसलाय असं कोणाला म्हणता आलं नाही. चावडी मांजरेकरांबरोबर गेली, धक्का रितेशचा झाला. एवढी साधी गोष्ट आहे.

'खुपते तिथे गुप्ते' बघा. त्या नावात अवधूत गुप्तेचं आडनावच विणलेलं आहे. २०२३ मध्ये शो परत आणायचा ठरला तेव्हा गुप्तेलाच आणावं लागलं. दुसरा कोणी बसवला असता तर नावच हसलं असतं.

आणि हे काही आजचं शहाणपण नाही. यात्रेत तमाशाचा फड लागतो, त्याच्या पाटीवर काय असतं? विठाबाई नारायणगावकर. काळू-बाळू. माणसाचं नाव, गावाचं नाव. कंपनीचं नाही. सोंगाड्या फड सोडून गेला तर पुढच्या यात्रेत पब्लिक तंबूबाहेरच विचारतं, तो आहे का? नसेल तर तिकीट काढायचं की नाही हे तेव्हाच ठरतं. पिढी बदलली तरी पाटी खोटं बोलत नाही. कांताबाई सातारकरांच्या फडाची धुरा मुलाने, रघुवीर खेडकरांनी घेतली, तेव्हा पाटीवर दोन्ही नावं आली, मध्ये 'सह' हा शब्द. त्या दोन अक्षरांत वारसा आला, जुन्याचा मान आला आणि नव्याची ओळखही आली. ज्यांना आपण अडाणी करमणूक म्हणून नाकं मुरडली, त्यांना हे कळत होतं.

ज्या देशातून हा टॉक शोचा साचा आला, तिथेही हेच भांडण झालंय. 'द टुनाईट शो' जॉनी कार्सनने १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं चालवला. पण नुसत्या 'टुनाईट शो' नावाने नाही, 'स्टारिंग जॉनी कार्सन' असं पाटीवर लावून. पुढे जे लेनो, कोनन ओब्रायन, जिमी फॅलन आले, प्रत्येकाचं नाव शीर्षकात आलं. तिकडची चॅनेलं साधू आहेत असं मुळीच नाही. १९९३ मध्ये डेव्हिड लेटरमन एनबीसी सोडून सीबीएसला गेला, तेव्हा त्याची गाजलेली टॉप टेन यादी आमची मालमत्ता आहे असं एनबीसी म्हणालं होतं. २०१० मध्ये कोननला सात-आठ महिन्यांत खुर्ची सोडावी लागली आणि लेनो परत आला. काही महिने टीव्हीवर यायची कोननला बंदी होती. त्याने मग दौराच काढला आणि त्याला नाव दिलं 'टीव्हीवर विनोद करायला कायद्याने बंदी' अशा अर्थाचं. चाहते त्याच्यामागे गावोगाव गेले.

आमचा शो परतला त्याच महिन्यात, जुलै २०२५ मध्ये, सीबीएसने स्टीफन कोल्बेअरचा 'लेट शो' मे २०२६ मध्ये संपवायचं जाहीर केलं. पैशाचं कारण दिलं, लोकांना राजकारणाचा वास आला. तो वाद बाजूला ठेवू. पण लेटरमनने १९९३ ला सुरू केलेलं आणि कोल्बेअरने २०१५ पासून चालवलेलं नाव तिसऱ्याच्या हाती न देता बंद करायचं ठरलं. आपल्याकडे 'होम मिनिस्टर' असंच संपलं. २००४ ते २०२२, भावोजी म्हणजे आदेश बांदेकर. दुसरा भावोजी शोधला नाही, हे बरं केलं.

आता चॅनेलच्या बाजूचा खरा मुद्दा. नवं नाव घेतलं तर बघणार कोण? जाहिरातदार ओळखीच्या नावालाच पैसे देतो. खरंय. पण २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' हे नाव तरी कोणाला माहीत होतं? २०१८ मध्ये 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' नव्या नावाने, नव्याच चॅनेलवर सुरू झाली आणि आज तिचे तुकडे प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. उलट २०२२ मध्ये 'फू बाई फू' हे लाडकं जुनं नाव नव्या मंडळींसह परत आणलं, ते थोड्याच दिवसांत गुंडाळावं लागलं. जुनी पाटी लोकांना दारापर्यंत आणते. आत जुना माणूस दिसला नाही की तीच पाटी चिडवायला लागते. नव्या माणसाचं पहिलं वर्ष "तो कुठे गेला" याचं उत्तर देण्यात जातं.

आणि आपण चाहते? आपणही फार सरळ नाही. एप्रिल २०२४ मध्ये साबळे भाऊ कदमला घेऊन कलर्स मराठीवर गेले. 'चला हवा येऊ द्या' हे नाव मागे राहिलं, पण स्वतःचं पेटंट वाक्य ते घेऊन गेले आणि त्याचंच शीर्षक केलं: 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' तेव्हा आपण किती जण गेलो त्यांच्यामागे? मी दोन एपिसोड बघितले. आप्पांनी चॅनेल शोधायचा प्रयत्न केला, सापडलं नाही, मीही फोनवर समजावून सांगायचा कंटाळा केला. तो शो फार काळ चालला नाही. आणि वर्षभराने मीच "साबळे नाही तर शो नाही" म्हणत खांडकेकरला शिव्या द्यायला हजर. माणसावर प्रेम असतं तर मी चॅनेल बदललं असतं. माझंही प्रेम पाटीवरच होतं, आणि चॅनेलने नेमकं तेच ओळखलं.

म्हणून मागणी दोघांकडे आहे. चॅनेलकडे एवढीच की नवा माणूस आणा, वाजतगाजत आणा, पण त्याला त्याचं नाव द्या. अगदीच जीव जात असेल तर तमाशावाल्यांकडून 'सह' उसना घ्या. आणि आपल्याकडे ही की नव्या माणसाला शिव्या घालणं म्हणजे जुन्यावर प्रेम करणं नव्हे. जुना हवा असेल तर तो जिथे असेल तिथे जा. नवा बघायचा असेल तर नवा म्हणून बघा.

आप्पा तरीही शो बघत राहिले. पोस्टमनच्या पत्रावर बोलायचो तसे दहा मिनिटं बोलत नव्हते, पण ऑगस्टमधल्या एका रविवारी फोन आला.

"खांडकेकरना कार्यक्रम देखा का आज? पोऱ्या बरा शे."

मी म्हटलं, आप्पा, त्याचं नाव 'चला हवा येऊ द्या' आहे.

"ते डाक्टरना व्हता," ते म्हणाले आणि कापसाच्या भावाकडे वळले.