बाळाची बाजू घेताना

मैत्रिणींनो,



आपल्या चळवळीचं आणि डॉक्टरांचं नातं तसं अवघडच राहिलं आहे. १९८६ साली मुंबईत गर्भलिंगनिदानाविरुद्ध मंच उभा राहिला, १९८८ मध्ये महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्या सगळ्या लढाईत काही डॉक्टर आपल्या सोबत होते, पण सोनोग्राफीची दुकानं थाटून बसलेले समोरच्या बाजूला होते. कायदे होऊनही २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४. त्यामुळे डॉक्टर म्हटलं की आपण जरा सावध होतो, आणि त्याला कारणं आहेत.

तरीही या अंकात मला डॉक्टरांच्याच एका गटाबद्दल लिहायचं आहे. आपण त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलेलं नाही. बालरोगतज्ज्ञ होण्याचं शिक्षण घेणारे हे निवासी डॉक्टर. एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षं ते वॉर्डात, अपघात विभागात, नवजात बाळांच्या कक्षात राबत असतात. सरकारी रुग्णालयात तापानं फणफणलेलं मूल घेऊन बाई येते, तेव्हा तिला पहिल्यांदा भेटतो तो बहुतेक वेळा हा पंचविशीतला डॉक्टर किंवा ही डॉक्टर मुलगी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका शिकाऊ डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. तेव्हा महाराष्ट्रातले निवासी डॉक्टरही संपावर गेले आणि अनेक महिला संघटना त्यांच्या बाजूनं बोलल्या. ती ओळख तेवढ्यावर संपू नये असं मला वाटतं.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतल्यापासून माझं बरंचसं काम रुग्णालयांच्या आवारात झालं आहे. मुलांच्या वॉर्डात काही वाक्यं नेहमी कानावर पडतात. ‘इतके दिवस काय करत होतीस?’ ‘पाजत नाहीस का नीट?’ ‘पोराचे हे हाल होईपर्यंत झोपली होतीस काय?’ बोलणारा डॉक्टर दुष्ट नसतो. तो छत्तीस तास झोपलेला नसतो आणि समोरचं मूल हातातून जाईल अशी त्याला भीती असते. पण त्याच्या लेखी मुलाची बाजू घेणं म्हणजे आईला जाब विचारणं, असं समीकरण होऊन बसतं. केसपेपरवर मुलाचं वजन, दंडाचा घेर, तापाचा आलेख सगळं असतं. आईबद्दल एकच शब्द असतो, ‘गृहिणी’.

मग चौथ्या दिवशी ती मूल उचलून निघून जाते. कागदावर शेरा पडतो ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध गेली. ती का गेली हे त्या शेऱ्यात कुठेच नसतं. घरी दोन लहान मुलं शेजारणीच्या भरवशावर असतात. उसाच्या फडावर नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापणारा मुकादम. ‘पुरे झालं दवाखान्याचं’ असा सासरचा निरोप आलेला असतो. मूल दाखल करायचं की न्यायचं, हे ठरवण्याचा अधिकार तिला कुणी दिलेलाच नसतो. दोष मात्र तिच्या नावावर जमा होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) महाराष्ट्राचे आकडे पाहा. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं रोडावलेली. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, आणि २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. अहवालात हे आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत असतात. प्रत्यक्षात ते एकाच घरात राहतात.

हे ओळखणारे डॉक्टर आपल्याकडे आहेत. मुंबईच्या सायन रुग्णालयात नवजात बाळं जंतुसंसर्गानं दगावत होती, नर्सेसची संख्या अपुरी होती. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी बाळांची काळजी घेण्यासाठी आयांनाच आत आणलं आणि आईच्या दुधावर भर दिला. १९८९ मध्ये तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. पुढे १९९९ मध्ये त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली. बाळांपासून सुरू झालेलं काम वस्तीत गेलं आणि बायकांवरच्या हिंसेपर्यंत पोचलं. ते तिथे पोचणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

दुसरं उदाहरण ताजं आहे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कितीतरी वर्षं एकच गोष्ट सांगत होत्या. साखरेची पेयं ‘ओआरएस’ नावानं विकली जातात आणि जुलाब झालेल्या मुलांना ती घातक ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असायला हवं. या पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव वापरायला बंदी केली. खोक्यावरच्या नावावर विश्वास ठेवून ते विकत घेणारी आईच असते. मूल बिघडलं असतं तर ‘काय पाजलंस?’ हा प्रश्नही तिलाच आला असता. डॉक्टरनं तो प्रश्न कंपनीला आणि सरकारला विचारला. मुलांच्या आरोग्याची वकिली म्हणतात ती हीच.

शिकाऊ डॉक्टर काय करू शकतील? आईला चार गोष्टी विचारता येतील: घरी कोण कोण आहे, रेशन मिळतं का, अंगणवाडी किती लांब आहे, निर्णय कोण घेतं. उत्तरं केसपेपरवर लिहिता येतील, कारण डॉक्टरच्या अक्षराला सरकारी कचेरीत वजन असतं. मारहाणीची शंका आली तर सासूला बाहेर बसवून बाईशी एकटीशी बोलता येईल. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ यांनी ‘दिलासा’ केंद्र काढलं, तेव्हापासून सरकारी दवाखान्यात हे काम होऊ शकतं हे सिद्ध झालं आहे.

काही प्रश्न सोपे नाहीत. बाळाची आई स्वतःच सोळा वर्षांची असेल तर? २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्या भीतीनं मुली वय खोटं सांगतात, दवाखाना टाळतात, आणि त्यात बाळाचंही नुकसान होतं. याबाबत आपल्या संघटनांतही एकमत नाही. म्हणूनच या तरुण डॉक्टरांना सोबत घेऊन बोलायला हवं. कायद्याची कलमं त्यांना पाठ असतील, त्या मुलीची भीती आपण पाहिलेली असते.

‘ओपीडीत रांग लागलेली असताना हे सगळं कधी करू?’ असं ते विचारतील, आणि ते खरंच आहे. निवासी डॉक्टरची सलग ड्यूटी साधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावी असं केंद्र सरकारनं १९९२ मध्येच लिहून ठेवलं. वॉर्डात ते दिसत नाही. दमलेल्या माणसाकडून मायेनं बोलण्याची अपेक्षा किती ठेवायची? म्हणून त्यांच्या कामाच्या तासांची मागणी आपलीही मागणी असायला हवी. आणि आईशी कसं बोलायचं हे एखाद्याच्या चांगुलपणावर न सोडता शिक्षणाचा भाग व्हायला हवं.

त्याची एक वाट उघडी आहे. २०२१ पासून प्रवेश घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं सक्तीचं झालं आहे. म्हणजे हे डॉक्टर आपल्या जिल्ह्यात येतातच. आपण जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि महाविद्यालयाच्या बालरोग विभागप्रमुखांना पत्र लिहू या. या तीन महिन्यांतले दोन दिवस मागून घेऊ. एक दिवस त्यांना अंगणवाडी, रेशन दुकान आणि पाड्यावर नेऊ. दुसऱ्या दिवशी ‘डामा’ होऊन गेलेल्या आयांपैकी ज्या तयार असतील त्यांना बोलायला बसवू; डॉक्टरांनी फक्त ऐकायचं. आणि वॉर्डातल्या भिंतीवर आपल्या केंद्राचा फोन नंबर लावून येऊ.

डॉक्टर आपल्या वतीनं बोलू लागले की बायकांचा आवाज मागे पडेल, ही काही मैत्रिणींची शंका मला रास्त वाटते. त्यावर उपाय एकच. आईचं म्हणणं आईनंच मांडायचं, डॉक्टरनं त्याखाली सही करायची.

येत्या तीन महिन्यांत आपल्या गटानं अशी एक तरी बैठक घ्यावी. डॉक्टर आले की नाही, काय बोलले, कुठे खटके उडाले ते सगळं आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवत आहोत.

आपली,
संपादक मंडळाच्या वतीनं