पदवी हाती आली, पण परवाना?

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याला लागले की बख्शी का तालाब येते. हवाई दलाच्या तळामुळे हे नाव अनेकांच्या कानावरून गेलेले असते. आता या भागात अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. दरवर्षी इथली मुले-मुली बी.टेक. होतात, घरी लाडू वाटले जातात आणि नातेवाईक त्याच दिवसापासून ‘इंजिनीअर साहेब’ म्हणू लागतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे साहेब कोण, याचे उत्तर सोपे नाही.

वकिलाला १९६१ च्या कायद्याने सनद घ्यावी लागते. सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा, वास्तुविशारदांचा १९७२ चा. डॉक्टरलाही नोंदणीशिवाय दवाखाना थाटता येत नाही. इतकेच काय, घरात वायरिंग करणाऱ्या वायरमनला परवाना हवा आणि कारखान्यातला बॉयलर सांभाळणाऱ्याला प्रमाणपत्र! पण इमारतीच्या खांबात किती सळया घालायच्या हे ठरवणाऱ्या अभियंत्यासाठी देशभर लागू होणारा असा कायदा झालेला नव्हता. २०२५ मध्ये केंद्राने त्यासाठी एका विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

मग सध्या चालते कसे? महापालिका आणि विकास प्राधिकरणे पदवी व अनुभव पाहून आपापल्या याद्या ठेवतात. मुंबईतला ‘लायसन्स्ड सर्व्हेअर’ किंवा नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअर हा त्यातलाच. दुसरी वाट कोलकात्याच्या गोखले रोडवरून जाते. तिथल्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स’ची स्थापना १९२० ची, तिला १९३५ मध्ये राजसनद मिळाली. अनुभवी सभासदांना ती ‘चार्टर्ड इंजिनीअर’ म्हणून मान्यता देते. नोकरी सांभाळून ए.एम.आय.ई. करणारा एखादा काका पूर्वी बऱ्याच घरांत असे, ती परीक्षा याच संस्थेची. परदेशातून जुनी यंत्रे आणताना चार्टर्ड इंजिनीअरचा दाखला मागतात. तरीही हा मान आहे, वकिलाच्या सनदेसारखी सक्ती नाही.

अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलांना म्हणूनच तिथली पद्धत जाचक वाटते. पदवीनंतर एक परीक्षा, साधारण चार वर्षांचा अनुभव, पुन्हा परीक्षा. तेव्हा कुठे नकाशावर आपला शिक्का मारता येतो, आणि तोही त्या राज्यापुरता. ही कडक शिस्त सुखासुखी आलेली नाही. १९३७ मध्ये टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत गॅसगळतीने स्फोट होऊन तीनशेच्या आसपास मुले व शिक्षक दगावले. त्याच वर्षी त्या राज्याने अभियंत्यांसाठी कायदा केला. आपल्याकडे गुजरातने २००१ च्या भूकंपानंतर, २००६ मध्ये, सिव्हिल अभियंत्यांपुरता कायदा केला. महाराष्ट्रात २०१३ च्या एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शीळ येथे बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. लखनौच्या वझीर हसन रोडवरील इमारत पडली ती २४ जानेवारी २०२३ ला.

घर बांधताना आपली माणसे टाइल्ससाठी चार दुकाने पालथी घालतात. आराखड्यावर सही कुणाची, हे मात्र ‘ठेकेदाराला माहीत’! कायदा यायचा तेव्हा येईल. तोवर ठेकेदाराकडून त्या अभियंत्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा, नोंदणीची मुदत संपलेली नाही ना ते पालिकेत विचारावे आणि सही केलेल्या आर.सी.सी. नकाशाची एक प्रत पाया खणण्याआधीच घरी आणून ठेवावी.