चातुर्मासातली शाळा

मांडव उतरले. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आता मुहूर्त नाहीत. आमच्या जासईत, चिरल्यात, धुतूमला, पार उरणपर्यंत बहुतेक फोटोग्राफरांनी बॅगा आवरल्या असतील, लेन्सबरोबर सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या असतील, अल्बमच्या उधारीची वही उघडली असेल. दर वर्षी या अंकात आपण पावसाळ्यातल्या कॅमेऱ्याच्या निगेबद्दल लिहितो. या वेळी वेगळं लिहायचं आहे, आणि त्याला कारण सरत्या हंगामातली एक हळद आहे.

आगरी हळद ज्यांनी टिपली आहे त्यांना ती रात्र सांगायला नको. एका बाजूला डीजेचे जांभळे-निळे दिवे, दुसऱ्या बाजूला मांडवाच्या खांबांना बांधलेले पिवळे फोकस, आणि मधोमध पाटावर हळदीने माखलेली नवरी. शेजारी धवलारीण लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणजे धवले, गात होती. माझा हेल्पर दिवसा कंटेनर यार्डात कामाला असतो, रात्री माझा लाइट धरतो. हा त्याचा दुसरा हंगाम. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बघतो तर त्याने न सांगता लाइट नवरीवरून काढून मांडवाच्या पांढऱ्या कापडाकडे वळवला होता. उजेड वरून पसरून मऊ खाली आला. नंतर जेवताना विचारलं, असं का केलंस? म्हणाला, "दादा, हलद जलत होती."

दोन हंगाम मी त्याला "वर धर", "डावीकडे घे", "मागे सर" एवढंच सांगत आलो होतो. हळद जळते म्हणजे पिवळ्यातला लाल चॅनल आधी भरतो. कॅमेऱ्यावरचा साधा हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि घरी आल्यावर कपाळाच्या जागी सपाट डाग निघतो. हे मला कळायला सात-आठ वर्षं आणि कितीतरी वाया गेलेले अल्बम लागले. त्याने ते नुसत्या डोळ्याने पाहिलं होतं, आणि मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

आपण नेहमी तक्रार करतो की फोटोग्राफी शिकायची तर मुंबई गाठावी लागते, फी परवडत नाही, आपल्या भागात संस्था नाही. खरं आहे. पण आपल्या प्रत्येकाच्या हाताखाली दोन-तीन विद्यार्थी आहेत. त्यांना आपण रात्रीच्या हिशोबाने पैसे देतो आणि हेल्पर म्हणतो.

या कलेचं शिक्षण आपल्याकडे नवं नाही. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी होते. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. पण मला त्याहून जवळची वाटते ती बडोद्याच्या कलाभवनाची गोष्ट. तिथे धुंडिराज गोविंद फाळके नावाचा, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेला तरुण होता. कलाभवनाचे प्राचार्य प्रा. गज्जर यांनी त्याची ओढ पाहिली आणि संस्थेचा फोटो स्टुडिओ त्याला वापरायला दिला, भाडं न घेता. एवढ्यावर न थांबता तीनरंगी ब्लॉक करायला शिकण्यासाठी त्याला रतलामला दुसऱ्या जाणकाराकडे पाठवलं. स्वतःला न येणारी गोष्ट शिष्याने दुसऱ्याकडून शिकावी, हे सुचायला मन मोठं लागतं. पुढे गोध्र्यात फोटो काढून, छपाईचे ब्लॉक करून पोट भरणारा हाच माणूस 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट घेऊन उभा राहिला.

आणि सरस्वतीबाई फाळके. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, फिल्म धुणं, चित्रणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून उन्हाचा उजेड वळवणं ही कामं त्यांनी केली, सगळ्या युनिटचा स्वयंपाक सांभाळून. पतीने त्यांना शिकवलं म्हणून त्या हे करू शकल्या. चादर धरणाऱ्या माणसाला ती कुठे, का आणि किती तिरकी धरायची हे ठाऊक होतं. आपल्या हेल्परला आपण एवढं तरी दिलं आहे का?

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो मी स्वतः अनेक वर्षं धरून होतो: शिकवला की पुढच्या वर्षी समोरच दुकान टाकेल, आणि अर्ध्या दरात हळद-लग्न दोन्ही करून देईल. मित्रहो, दर पाडणारी मुलं शिकवलेली असतात की न शिकवलेली, याचा नीट विचार करा. ज्याला कुणी सांगितलं नाही की शटरचं आयुष्य मोजलेलं असतं, हप्ता बारा महिने जातो आणि मुहूर्त आठच महिने असतात, दोन रात्रींच्या कामामागे एडिटिंगचे दहा दिवस असतात, तो दर पाडणारच. त्याला खर्च माहीत नाही, फक्त ग्राहकाने आपल्याला मोजलेली रक्कम दिसते. आपण त्याच्यापासून लाइट लपवत नाही, हिशोब लपवतो. या चार महिन्यांत एक दिवस वही त्याच्यासमोर उघडून बसा.

दुसरा विषय कायद्याचा, आणि तो शिकवण्याआधी आपल्यालाच शिकावा लागेल. प्रताधिकार कायदा, 1957 चं कलम 17 सांगतं की पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो करार नसताना आपले नसतात, यजमानांचे असतात. ते जाहिरातीला वापरायचे तर कागदावर परवानगी हवी. पण त्याच कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती, आणि कलम 57 ने त्याचा कर्तेपणा सांगण्याचा हक्क मालकी गेल्यावरही राहतो. आता सांगा, सेकंड शूटरने काढलेली फ्रेम आपल्या पानावर टाकताना खाली कुणाचं नाव असतं? एका कामाला माझी फ्रेम दुसऱ्याच्या नावाने लागलेली मी तरुणपणी पाहिली आहे. ती बोच अजून गेलेली नाही. तरीही मी पुढे तेच केलं.

ड्रोनबद्दल एवढंच: 2021 च्या नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरपर्यंत पिवळा टापू (यलो झोन), म्हणजे उडवायला परवानगी लागू शकणारा भाग, येतो. उलव्याचं नवी मुंबई विमानतळ सुरू झालं आहे. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय पोराच्या हातात रिमोट देऊ नका. दंड त्याला परवडणारा नाही.

पण या चातुर्मासातला सगळ्यात मोठा धडा कपाटाच्या वर, ट्रंकेत आहे. कोकणच्या दमट हवेत निगेटिव्हला बुरशी धरते. व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म कुजू लागली असं समजा आणि ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. माझ्या गुरूंच्या ट्रंकेतले 120 चे रोल या महिन्यात मी आणि माझा हेल्पर स्कॅन करतो आहोत. त्यांनी हौस म्हणून काही काढलं नाही, सगळी पोटाची कामं आहेत: लग्नं, बारशी, रेशनकार्डाचे फोटो. एका फ्रेममध्ये नवरदेव शेताच्या बांधावर उभा आहे, मागे खाजणापर्यंत भातशेती. हेल्पर मुलाने स्क्रीन मोठी केली, मागचा डोंगर ओळखला आणि गप्प झाला. त्या शेताच्या जागी आता तो काम करतो ते यार्ड आहे.

जासई हे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं गाव. जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. दर 16 जानेवारीला आपण हुतात्म्यांच्या अभिवादनाचे फोटो काढतो. पण ज्या जमिनीसाठी ते गेले ती दिसायची कशी, हे गावातल्या लग्नाच्या फोटोंच्या मागच्या भागात शिल्लक आहे, नवरानवरीच्या खांद्यांवरून दिसतं तेवढं. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू चिरल्याला उतरला, खारकोपरहून उरणपर्यंत रेल्वे आली. आपण सेतू मागे घेऊन प्री-वेडिंग करतो आहोत. मागे काय येतं आहे याकडे मुलांना बघायला शिकवलं पाहिजे.

म्हणून या चार महिन्यांत आठवड्याचा एक दिवस ठरवा. त्या दिवसाची अर्धी का होईना मजुरी द्या, कारण पावसाळ्यात त्यांच्याही घरी चूल असते. आधी त्यांना त्यांनी पाहिलेलं बोलू द्या, मग आपलं सांगा. मी हे उलटं करत आलो.

त्या हळदीच्या रात्री जेवणं झाल्यावर, मी बॅग भरत असताना, मुलाने मोबाइलवर धवलारणीचा एक फोटो काढला. गाणं संपवून ती खांबाला टेकून पाणी पीत होती; डीजेचा निळा दिवा तिच्या पाठीवर आणि चुलीचा उजेड तोंडावर. मी रात्रभर तिच्या बाजूला उभा होतो, माझ्या आठशे फ्रेम्समध्ये ती पुरती एकदाही नाही. परवा आम्ही दोघं तिच्या घरी जाऊन तिला विचारून आलो, एक प्रत देऊन आलो. तो फोटो मधल्या पानावर छापला आहे. खाली नाव मुलाचं आहे.