विमा संपल्याची खबर आधी कुणाला?

घरातला सिलिंडर कधी लावला हे आपल्याला तोंडपाठ असतं. दूधवाल्याचे खाडे, मुलांच्या फीचा हप्ता, सासूबाईंच्या गोळ्या कधी संपणार, सगळं डोक्यात असतं. मागच्या महिन्यात आमच्या भिशीत मी सहज विचारलं, ‘तुमच्या दारातल्या गाडीचा विमा कधी संपतोय?’ कुणी म्हणाली, ‘ते आमचे हे बघतात.’ कुणी म्हणाली, ‘शोरूमवाल्यानंच काढून दिला होता की.’ महिना मात्र एकीलाही सांगता आला नाही. आणि गंमत म्हणजे त्यातल्या कितीतरी जणींच्या स्कूटी त्यांच्या स्वतःच्याच नावावर आहेत!

जी तारीख आपल्याला ठाऊक नाही, ती सरकारच्या संगणकाला मात्र ठाऊक असते. गाडीची आरटीओत नोंद झाली की ती ‘वाहन’ नावाच्या सरकारी यंत्रणेत जाते. विमा कंपन्या आपल्या पॉलिसींची माहिती हैदराबादच्या ‘इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो’कडे पाठवतात. ही संस्था विमा नियामकानं २००९ साली उभी केली. या दोन नोंदी एकमेकींना जोडल्या गेल्यामुळे आता चौकातल्या पोलिसाला कागद बघायची गरज उरलेली नाही. गाडीचा नंबर टाकला की विमा चालू आहे की संपला, ते पडद्यावर दिसतं. १ ऑक्टोबर २०२० पासून तर नियमच आहे, की जो कागद संगणकावर तपासता येतो, तो छापील स्वरूपात मागायचा नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत दुमडून ठेवलेल्या कागदांचे दिवस संपत आले म्हणायचे!

सोय चांगलीच आहे. तक्रार नाही. प्रश्न एवढाच, की ही माहिती आधी कुणाच्या उपयोगी पडते? दंड करणाऱ्याच्या, की जिच्या घरावर संकट येणार आहे तिच्या?

विमा म्हणजे पोलिसापासून सुटका, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. ते तसं नाही हो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं जो विमा सक्तीचा केला आहे, तो ‘थर्ड पार्टी’ विमा. म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला धक्का लागला, कुणी दगावलं, कुणी कायमचं अंथरुणाला खिळलं, तर त्यांची भरपाई विमा कंपनीनं द्यायची. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला यात वरची मर्यादा नाही. दावा न्यायाधिकरणानं वीस लाखांचा मंजूर केला तर वीस, चाळीसचा केला तर चाळीस. आणि गाडीला विमाच नसला तर? मग ही रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल होते. दिली नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. म्हणजे घर, शेत, सगळंच पणाला! आणि मालकाकडे काहीच नसलं, तर ज्या बाईचा नवरा त्या गाडीखाली गेला तिच्या हातात निकालाचा नुसता कागद उरतो.

हे क्वचित घडणारं नाही. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या २०२४ सालच्या अहवालात देशातल्या निम्म्याहून जास्त गाड्या विम्याशिवाय असल्याचं म्हटलं होतं. बाजारात जाताना आपल्या शेजारून जाणारी गाडी बघा, नि मग पुढची. त्यातली एक अशी असणार.

बरं, विमा महाग म्हणून लोक काढत नाहीत का? नेहमीच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टीचा दर २०२२ साली वर्षाला ७१४ रुपये ठरला, त्यावर कर वेगळा. विमा नसताना पकडलं गेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्यांदा २ हजार रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४ हजार दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. म्हणजे हिशेब सरळ आहे. विसर पडतो, हेच खरं कारण अनेक घरांत असतं. त्यात एक नवी गोम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. पाच वर्षं कुणी बघायला जात नाही. २०२० साली लेकीच्या कॉलेजसाठी घेतलेली स्कूटी २०२५ साली गपचूप विम्याबाहेर गेली, आणि तिच्यावर तीच लेक अजून रोज गावातून फिरतेय.

आता राज्यं या माहितीचा वापर कसा करताहेत ते पाहा. बिहारनं २०२४ साली आणि ओडिशानं २०२५ साली टोलनाक्यांवर ‘ई-डिटेक्शन’ सुरू केलं. नाक्यावरून गाडी गेली की नंबर टिपला जातो, संगणक विमा वगैरे तपासतो आणि काही कमी असेल तर चालान निघतं. ना शिट्टी, ना हुज्जत, ना चहापाण्याचे पैसे. यात चांगलं बरंच आहे. पण मला विचाराल तर क्रम उलटा आहे. ज्या संगणकाला आज कळतं की या गाडीचा विमा नाही, त्याला महिनाभर आधीही कळत होतं की तो संपणार आहे. तेव्हा तो का गप्प बसला? अमेरिकेत हे काम प्रत्येक राज्य आपापल्या रीतीनं करतं. टेक्सास राज्यात २००८ साली ‘टेक्सासशुअर’ नावाची अशीच यंत्रणा आली. पोलिसाला तिथंही नंबरवरून विमा दिसतो. पण नोंद जुळली नाही, तर गाडीच्या मालकाला पत्रानं विचारणा करायची पद्धतही तिथं ठेवली गेली. नोंद न जुळणं आणि विमा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं भान त्यात आहे.

आपल्याकडेही नोंदी चुकतातच की. नवी गाडी घेताना तिला नंबर मिळालेला नसतो, म्हणून पॉलिसीवर नंबराच्या जागी नुसतं ‘न्यू’ लिहिलेलं असतं. पुढे चेसिस नंबराचा एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर पैसे भरलेले, पॉलिसी हातात, आणि पडद्यावर विमा नाही! अशा वेळी ‘मी खरी आहे’ हे सिद्ध करायला कुणी पळायचं? तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या आरटीओत जायला एक दिवसाची मजुरी बुडते, लेकराला शेजारी ठेवावं लागतं. यंत्राची चूक दुरुस्त करायची जबाबदारी यंत्र चालवणाऱ्यांनी आधी घ्यायला हवी.

त्याहून मोठी अडचण मोबाइल नंबराची. चालानचा असो की मुदतीचा, निरोप जातो तो गाडीच्या नोंदीत दिलेल्या मोबाइलवर. आणि तिथं नंबर असतो कुणाचा? कधी नवऱ्याचा, कधी दिराचा, कधी चक्क शोरूममधल्या पोराचा किंवा एजंटाचा. गाडी बाईच्या नावावर, दंडही बाईच्या नावावर, खबर मात्र तिसऱ्याच्या खिशात! हा नंबर ‘परिवहन’ संकेतस्थळावर बदलता येतो. आरसी, चेसिस आणि इंजिनाचा नंबर हाताशी घ्या, कॉलेजात जाणारं घरातलं कुणीही दहा मिनिटांत करून देईल. बाकी काही नाही केलं तरी एवढं कराच.

विकलेल्या गाडीचंही तसंच. पन्नास-शंभरच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, पैसे घेतले, विषय संपला, असं आपल्याला वाटतं. पण नोंदीत नाव आपलंच राहिलं, तर कायद्याच्या दृष्टीनं मालक आपणच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. घेणाऱ्यानं विमा भरला नाही आणि अपघात केला, तर नोटीस आपल्या दारात. तसंच घरधनी गेल्यावर त्यांची गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याच नावावर चालू राहते. दुःखात कुणाला सुचतं म्हणा! पण वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं असा नियम आहे, आणि विमा कंपनीलाही सांगायला हवं. २०२१ पासून आरसीवर वारस नेमायची सोय झाली आहे. ती आधीच करून ठेवलेली बरी.

आता एक गोष्ट जी पडद्यावर दिसतच नाही. विमा ‘चालू’ आहे, एवढंच संगणक सांगतो. कुणासाठी चालू आहे, ते सांगत नाही. आपल्यापैकी बहुतेकजणी दुचाकीवर मागे बसतो, कडेवर मूल, हातात पिशवी. समोरच्या गाडीची चूक असेल तर आपला दावा त्या गाडीच्या विम्यावर. पण आपल्याच गाडीच्या चुकीनं आपण पडलो तर? नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसणाऱ्या व्यक्तीला संरक्षण नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली दिला आहे. संपूर्ण म्हणजे ‘पॅकेज’ पॉलिसीत ते मिळतं. तसंच पंधरा लाखांचा जो मालक-चालकाचा अपघात विमा असतो, तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी, तेही परवाना असेल तर. बायकोच्या नावावरची गाडी नवरा चालवत असेल, तर तो त्यात बसत नाही. म्हणून एजंटाला किती रुपये कमी करतोस हे विचारण्याआधी विचारा, ‘मागे बसणारीचं काय?’

आणि देव न करो, पण अपघात झालाच, तर ही यंत्रणा आपल्या बाजूनं वापरता येते हेही लक्षात असू द्या. धडकलेल्या गाडीचा नंबर तेवढा टिपून ठेवा. त्यावरून तिचा विमा कुठल्या कंपनीचा हे ब्युरोच्या ‘व्ही-सेवा’ सोयीतून शोधता येतं. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि जखमींना किंवा मृताच्या घरच्यांना त्यांचे हक्क सांगणारा कागद दहा दिवसांत द्यायचा असतो. तो मागून घ्या. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवस, दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची योजनाही आली आहे. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार, ही रक्कम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. भरपाईच्या अर्जाला उशीर करू नका, मुदतीवरून दावे अडतात.

सरकारकडे माझं मागणं फार मोठं नाही. विमा संपायच्या महिनाभर आधी मराठीत एक साधा संदेश येऊ द्या. चालान काढण्याआधी नोंद चुकली नाही ना, हे विचारायची एक संधी द्या. तालुक्याच्या सेवा केंद्रात चुकीची नोंद दुरुस्त करून मिळू द्या. ज्या संगणकाला दंड करता येतो, त्याला आठवण करून देणं जड जाऊ नये.

आणि आपण? मैत्रिणींनो, आज दुपारी कामं आवरली की ‘एम-परिवहन’वर दारातल्या गाडीचा नंबर टाकून बघा. विम्याची तारीख सिलिंडरच्या तारखेशेजारी कॅलेंडरवर लिहून ठेवा. ‘ते आमचे हे बघतात’ म्हणायला हरकत नाही, पण त्यांनी बघितलंय की नाही, हे आपण एकदा बघायलाच हवं.