पीआरपी जायज आहे का, एवढेच का विचारता?

माकडहाडाजवळ, नितंबांमधल्या खाचेत होणाऱ्या एका आजाराबद्दल आपली मुले कुणाशी बोलत नाहीत. आधी केसतूड म्हणून सोडून देतात, मग मूळव्याध समजून मेडिकलमधून मलम आणतात. पू वाहून पँट ओली व्हायला लागली की मग दवाखाना. तिथे नाव कळते: पायलोनायडल सायनस. लॅटिनमध्ये याचा अर्थ केसांचे घरटे. सुटे केस खाचेत अडकतात, घासून घासून कातडीत शिरतात आणि आत पोकळी करतात. विशी-तिशीतल्या, अंगावर दाट केस असलेल्या, तासन्‌तास बसून काम करणाऱ्या मुलांना हा त्रास जास्त. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जवळपास 80,000 सैनिकांना यासाठी रुग्णालयात ठेवावे लागले होते. जीपमध्ये आदळत फिरणाऱ्यांचा म्हणून त्याला ‘जीपचा आजार’ असेच नाव पडले. आज जीपच्या जागी डिलिव्हरीची बाईक आहे, रिक्षा आहे, कॉल सेंटरची खुर्ची आहे. मुलींनाही हा आजार होतो, आणि त्या तर आईलाही सांगत नाहीत.

ऑपरेशननंतर जखम उघडी ठेवली तर ती तळापासून भरत यायला सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. रोज ड्रेसिंग करावे लागते. बसता येत नाही, बाईक चालवता येत नाही, म्हणजे कमाई बंद. अशात कुणीतरी सांगते, “पीआरपी करून घे, लवकर भरेल.” मग मुलगा मौलानांना मेसेज करतो: रक्ताचा इलाज आहे, जायज आहे का?

विचारायला काहीच हरकत नाही. पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. हातातून तुमचेच थोडे रक्त काढतात आणि सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये गरगर फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसल्या की प्लेटलेट्स दाट असलेला पिवळसर भाग वेगळा करतात आणि तो जखमेत टोचतात किंवा त्याचे जेल करून भरतात. प्लेटलेट्समधून निघणारी प्रथिने नवीन पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या वाढायला मदत करतात. आता फिक्हचे बघू. सूरह बकराच्या 173 व्या आयतीत रक्त खाणे हराम ठरवले आहे आणि तिथेच मजबूर माणसाला सूटही दिली आहे. गरज असेल तर दुसऱ्याचे रक्त चढवायलाही उलेमांनी परवानगी दिलेली आहे. इथे तर रक्त आपलेच आहे. पाच मिनिटांचा मसला आहे. (टक्कल पडू नये म्हणून डोक्यात हेच पीआरपी टोचून घेणाऱ्यांनी फतवा मागितल्याचे मी अजून ऐकलेले नाही.)

आमच्या मोहल्ल्याच्या वैद्यकीय मदत समितीकडे मागच्या वर्षी असाच अर्ज आला होता. मुलगा 23 वर्षांचा, जेवणाची पार्सले पोहोचवणारा. एका खाजगी क्लिनिकने त्याला पीआरपीच्या चार सिटिंगचे 32,000 रुपये सांगितले होते. रक्त नापाक की पाक, यावर समितीत पाऊण तास चर्चा झाली. ते मिटल्यावर पैसे मंजूर व्हायला दोन मिनिटे लागली. या इलाजाने नक्की किती फरक पडतो, हे कुणी विचारले नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे. हलालची चौकशी झाली की आपल्याला वाटते, चौकशी पूर्ण झाली. जकातीच्या पैशाचा हिशेब एवढ्यावर संपत नाही.

फरक पडतो का? बहुधा पडतो. इराण आणि तुर्कस्तानात या आजारावर भरपूर काम झाले आहे आणि तिथल्या पीआरपीच्या चाचण्यांचे निकाल उत्साह वाटावा असेच आहेत. जगभरच्या चाचण्या तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा याविषयीचा आढावा 2022 मध्ये आला. साध्या गॉजच्या तुलनेत पीआरपीने जखम सुमारे तीन आठवडे लवकर भरत असावी, असे त्यात म्हटले आहे. पण हा अंदाज दोन छोट्या चाचण्यांवर उभा आहे, आणि पुराव्याची खात्री कमी आहे, असेही तेच सांगतात. रोजंदारीवरच्या मुलासाठी तीन आठवडे ही मोठी गोष्ट आहे, म्हणून मी पीआरपीला सरसकट नको म्हणणार नाही. मात्र ‘असावी’ या शब्दासाठी कर्ज काढायचे का, हे त्याला समजावून सांगणारा कुणीतरी हवा.

त्याहून मोठा प्रश्न ऑपरेशनच्या आधीचा आहे. मोठा काप घेऊन जखम उघडी ठेवणे हा एकच मार्ग नाही. बरोबर मधोमध टाके घालण्यापेक्षा टाक्यांची रेघ खाचेच्या बाजूला नेणाऱ्या पद्धती, म्हणजे कॅरिडाकिस किंवा लिम्बर्ग फ्लॅप, यांत जखम लवकर भरते आणि आजार उलटण्याचे प्रमाण कमी राहते. आजार लहान असेल तर कमी कापाकापीचे उपायही आहेत. म्हणून सर्जनला आधी विचारा: माझ्या बाबतीत कोणते ऑपरेशन, आणि तेच का? पीआरपी सुचवली तर विचारा: किती वेळा, एकूण खर्च किती, किट माझ्यासमोर फोडणार का, नळीवर माझे नाव लिहिणार का? साखर वाढलेली असेल, सिगारेट किंवा गुटखा चालू असेल, तर जखम मुळातच सावकाश भरते. गुटखा सोडायला 32,000 रुपये लागत नाहीत.

आता लाजेचे. इलाजासाठी डॉक्टर आणि ड्रेसिंग करणाऱ्यासमोर सतर उघडण्याची गरजेपुरती मुभा आहे, हे सगळ्यांना माहीत असते. तरी मुलगा आरशात बघून स्वतःच गॉज कोंबत बसतो. काही जण वुजूसाठी दिवसातून पाच वेळा पट्टी काढतात. पट्टीवर मसह करता येतो. पू किंवा रक्त थांबतच नसेल तर हनफी मसलकात माजूर माणसाला प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी एक वुजू पुरतो. कोकणातल्या आपल्या शाफई भावांकडे तर अशा जखमेतून रक्त आल्याने वुजू तुटतच नाही. आलिमांना विचारायचेच असेल तर हे विचारा, याचा रोज उपयोग होईल.

जखम भरल्यावरही काम उरते. नको असलेले केस चाळीस दिवसांच्या आत काढण्याची सवय आपल्याला लहानपणापासून लावतात, पण या खाचेकडे कुणाचे लक्ष जात नाही. वस्तरा फिरवण्याबद्दल सर्जनांमध्येच दुमत आहे, लेसरकडे कल जास्त आहे. आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. डोक्याचे कापलेले बारीक, टोकदार केसही तिथे सापडतात, असे जर्मनीतल्या संशोधकांना दिसले आहे. तेव्हा न्हाव्याकडून आलात की आधी अंघोळ करा.

समितीला मी लेखी दिले आहे की एकेका पॅकेजवर पैसे घालण्याआधी ड्रेसिंग जाणणारा एक ब्रदर महिन्याच्या पगारावर ठेवू. तो घरी जाऊन ड्रेसिंग करेल, घरातल्या एकाला शिकवेल आणि जखम बिघडतेय असे दिसले तर सर्जनकडे पाठवेल. दोघांनी विरोध केला, बाकीचे तयार आहेत. मुलींसाठी नर्स शोधतोय, अजून मिळालेली नाही.