पर्स कोण धरणार?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मी संपादक मंडळावर टाकलेली आहे. आमच्या शाळेत व्हरांड्यात मराठी बोललं की दंड व्हायचा. त्या दंडाची वसुली आता या पानांवर करते आहे असं समजा!

विषय कॅन्टीनमध्ये निघाला. थर्ड इयरची ट्रिप कुठे न्यायची यावर वाद चालू होता. एक पार्टी म्हणाली, खोपोलीजवळ इमॅजिका आहे, २०१३ पासून इतक्या बॅचेस जाऊन आल्या, तिथेच जाऊ. दुसरी म्हणाली, ते तर घरच्यांबरोबर पण होतं. त्यावर एक मित्र फाडकन बोलला, "घरच्यांबरोबर कसली मजा? आई तर नुसती बॅगा धरून बसते." सगळे हसले. मी पण हसले. रात्री मात्र ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण ते शंभर टक्के खरं होतं आणि आमच्याच घरचं होतं.

झालं असं की गेल्या उन्हाळ्यात दादाने आम्हाला सिंगापूरला नेलं. त्याला पुण्यात नोकरी लागून तीन वर्षं झाली, बोनस साठवून ठेवला होता. बाबा वाळूजला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. आई घर सांभाळते आणि पैठणची आजी (म्हणजे आईची आई) आता आमच्याकडेच सिडकोत असते. असे पाच जण देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला आणि तिथून विमानाने. नातेवाइकांमध्ये लगेच चर्चा, "एवढे पैसे पाळण्यात बसायला?" खरंच, तिथल्या एका तिकिटात आपल्या मेसचा महिन्याचा डबा सहज निघतो. त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. पैसे दादाचे होते. माझा मुद्दा वेगळा आहे.

आम्ही गेलो ते सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजला. गेटसमोर तो प्रसिद्ध मोठा गोल फिरत असतो, सगळं जग त्याच्यासमोर फोटो काढतं. आजीने तो गोल पाहून पहिला प्रश्न विचारला, "रात्री पण चालू ठेवतेत का गं? लाइटबिल किती येत असंल?" आदल्या दिवशी तिला स्टेशनवरच्या पाटीवर तमिळ अक्षरं दिसली होती, तेव्हापासून ती एकदम निवांत होती. वाचता येत नसली तरी आपल्याकडची अक्षरं आहेत ना, मग झालं!

निवांत नव्हते ती मी. आता लिहायला लाज वाटते, पण सकाळभर मी आई-बाबांच्या दहा पावलं पुढे चालत होते. बाबा मोठ्या आवाजात बोलतात. आजीचा नऊवारी पदर. आईच्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, तीही बाहेरचं खाणं आत चालत नाही असं मी बजावल्यावर. शाळेत पॅरेंट्स मीटिंगला आई यायची तेव्हा मी अशीच पुढे चालायचे. काही सवयी विमानात पण सोबत येतात.

तिथली मोठी रोलर कोस्टर म्हणजे बॅटलस्टार गॅलॅक्टिका. शेजारी-शेजारी दोन ट्रॅक, लाल माणसांचा, निळा सायलॉनचा. निळ्यात पाय अधांतरी लोंबकळतात. उंची साधारण ४२ मीटर, आणि बसणाऱ्याची उंची किमान १२५ सेंटीमीटर लागते. रांगेत मी दादाला (तो बी.कॉम. आहे) लेक्चर दिलं. गोल लूपच्या टोकाला गाडी जेमतेम चिकटून राहील एवढाच वेग ठेवला, तरी तळाला माणसावर वजनाच्या सहापट जोर येतो, म्हणून लूप पूर्ण गोल न करता थेंबाच्या आकाराचा करतात. बाबा तर कोस्टरकडे बघतच नव्हते. त्यांचं लक्ष खाली, गाडी सुटण्याआधी प्रत्येक बार हाताने ओढून तपासणाऱ्या मुलीकडे. "बघ, सेन्सर असूनही हाताने बघतात," असं ते तीनदा म्हणाले. आम्ही तिघे दोनदा बसून आलो.

आणि आई? आई बाहेर बाकावर बसली होती. मांडीवर माझी सॅक, दादाची कॅप, बाबांचा चष्मा, पाच पासपोर्ट असलेली स्वतःची पर्स आणि शेजारी आजी. आजी येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळत होती. "काहून इतकं वरडायलेत गं ही पोरं? पैसे देऊन वरडायलेत!"

आता गंमत बघा. थीम पार्क ही कल्पना मुळात अशाच एका बाकावर जन्मली. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जायचा. मुली घोड्यांच्या चक्रात बसायच्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसायचा. तेव्हा त्याच्या मनात आलं की आईबाप आणि मुलं, दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा पाहिजे. त्यातून १७ जुलै १९५५ ला अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. ग्रिफिथ पार्कमधला बाक आजही तिथे जपून ठेवलाय म्हणे. बाप कंटाळला, त्याने पार्क बांधलं. त्याला आता सत्तर वर्षं उलटली. अब्जावधींचा धंदा, थ्रीडी चष्मे, सगळं झालं, आणि आमची आई मात्र त्याच बाकावर.

पार्कला दोष देण्यात अर्थ नाही. सामानाला लॉकर आहेत. लहान मूल असेल तर आई-बापांनी आळीपाळीने बसावं, दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागू नये, याची सोय आहे. ज्याला एकट्याने बसायचंय त्याच्यासाठी वेगळी रांग सुद्धा आहे. म्हणजे इंजिनिअरने त्याचा प्रॉब्लेम सोडवला होता. प्रॉब्लेम आमच्याकडे होता. लॉकर असताना आम्ही आईला लॉकर केलं. आणि कोणी केलं हे विचारायचं नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं: "तिलाच नको असतं, तिला चक्कर येते."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकते आहे. कर्णपुऱ्याच्या यात्रेत दर नवरात्रात आम्ही जातो. देवीचं दर्शन झालं की आम्ही रहाटपाळण्याकडे आणि आई नारळाची पिशवी, चपला, माझा अर्धा खाल्लेला बुढ्ढी के बाल घेऊन खाली उभी. तिला चक्कर येते. कोणी कधी तपासलं? आपण लॅबमध्ये एक रीडिंग तीनदा घेतो (निदान जर्नलमध्ये तसं लिहितो!), आणि आईच्या बाबतीत शून्य रीडिंगवर कन्क्लुजन लिहून मोकळे.

दुपारी ढग आले. सिंगापूरला हे नेहमीचंच, विषुववृत्ताला लागून असल्यामुळे. वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या सगळ्या राइड बंद करतात. आम्ही छपराखाली आलो आणि दिवसात पहिल्यांदा पाचही जण एका जागी बसलो. कुठे पळायचं नाही, रांग नाही, नकाशा नाही. आईने हळूच पिशवी उघडली. मी इकडेतिकडे बघितलं. मग म्हटलं जाऊ दे, आणि पहिला धपाटा मीच घेतला. (नियम मोडला. कोणी बघितलं नाही. इथे छापून आल्यावर बघतील.)

मी सहज आजीला विचारलं, "आईला लहानपणापासूनच चक्कर यायची का गं?" आजी हसायलाच लागली. "हिला? नाथषष्ठीला पाळण्यातून उतरायची नाही ही. हिचे मामा खाऊला पैसे द्यायचे, ते सगळे पाळण्यात घालायची. पाळणेवाल्यानं एकदा हाताला धरून खाली उतरवलं हिला." पैठणला नाथषष्ठीला केवढी यात्रा भरते हे तिकडच्या हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. गोदावरीच्या काठी पाळणे लागतात आणि वर गेलं की नदी दिसते, असं आई म्हणाली. एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मग चक्कर?" ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "तू झाल्यावर कोणीतरी खाली थांबायला पाहिजे होतं ना."

बाबा काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

पाऊस थांबला. मी पर्स, सॅक, कॅप, पासपोर्ट सगळं ओढून घेतलं आणि आजीजवळ बसले. आई नको-नको म्हणत बाबा आणि दादाबरोबर ज्युरासिक पार्कच्या तराफ्याच्या राइडला गेली. ती गोल तराफ्यातून पाण्यात घेऊन जाणारी राइड आहे, माणूस हमखास भिजतो. पाऊण तास मी बाकावर होते. तुम्हाला सांगते, बाकावर बसणं हे काम आहे. पर्सवरचा हात काढता येत नाही. पाणी प्यायला उठावं तर आजी एकटी राहते. आतून किंचाळ्या ऐकू येतात, त्यातली आपली कुठली ते कळत नाही. मोबाइलची बॅटरी संपत येते. आणि समोरून सगळं जग ओलं होऊन हसत बाहेर येतं. आजूबाजूच्या बाकांवर मी मोजलं, अकरा जणी होत्या. चिनी, मलय, दोन गुजराती मावश्या, एक बहुतेक ऑस्ट्रेलियन. सगळ्यांच्या मांडीवर दुसऱ्याच्या बॅगा. पुरुष दोनच, त्यातला एक झोपलेला.

आई बाहेर आली ती निथळत. पंजाबी ड्रेस अंगाला चिकटलेला, केस विस्कटलेले, टिकली गायब. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. "अगं ते शेवटी... एकदम खाली..." एवढंच. आजीने पदराने तिचं डोकं पुसलं, जणू ती दहा वर्षांची आहे. मी ते आतलं काही पाहू शकले नाही, कारण मी खाली होते. वीस वर्षं तिलाही आमचं फक्त निघतानाचं आणि परत येतानाचंच तोंड दिसत होतं की!

कॅन्टीनमधला मित्र हे वाचून म्हणेल की काकूंना जबरदस्ती कशाला. बरोबर आहे. काहींना खरंच चक्कर येते, काहींना गुडघे, बी.पी. असतं, आणि कोणाला शांतपणे बाकावर बसायलाच आवडत असेल तर तो त्यांचा हक्क आहे. पण आवडतं की सवय झाली आहे हे एकदा विचारायला काय जातं? तेही बॅग हातात कोंबता कोंबता नाही, आधी.

डिपार्टमेंटची ट्रिप शेवटी कुठे ठरली ते अजून नोटीस बोर्डवर लागलेलं नाही. आमच्या घरी मात्र यंदाच्या नवरात्रात कर्णपुऱ्याला गंमत झाली. दर्शन करून बाहेर आलो तर रहाटपाळण्यापाशी आईने मला विचारलंच नाही. नारळाची पिशवी माझ्या हातात दिली, चपला बाबांच्या पायाशी सोडल्या, आणि तिकिटाच्या खिडकीवर जाऊन म्हणाली, "दोन द्या. आजीबाई पण बसणारेत."